टेपचे पहिले तीन फूट

शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला व्हर्नन स्टुट्झमननं शेडचं दार ओढलं, तेव्हा नदीवरचं धुकं गिरणीच्या बंद चिमणीच्या कमरेपर्यंत खाली आलं होतं आणि मैदानावर इतकं दव होतं, की दहा पावलांत त्याच्या बुटांची टोकं काळी पडली. ओल्या गवतावर रंग धरत नाही. रेघ मारावी तर सांडलेल्या दुधासारखी पसरते. म्हणून त्यानं नेहमीप्रमाणे छोट्या ट्रॅक्टरच्या मागं जुना रबरी पाइप आडवा बांधला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत नेला. पाइप जाईल तिथलं दव झडत होतं, पांढुरकं गवत हिरवं होत होतं. शहात्तर वर्षांचा माणूस, चालताना कमरेत वाकलेला, पण ट्रॅक्टरवर बसला की ताठ.

मैदानाच्या समोरच त्याचं घर. पडवीतून आर्लीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हाक मारली.

"व्हर्न, गवताला इस्त्री करून झाली असंल तर कॉफी घे. निवतीय."

"झाकून ठिव."

"तिसऱ्यांदा झाकलीय. आता तिची कॉफी ऱ्हायली न्हाई, काढा झालाय."

तो उतरला नाही. त्या दिवशी त्याला घरात जायचंच नव्हतं. आर्लीन समोर आली की ती तोंडाकडं बघणार, आणि पंचावन्न वर्षांच्या संसारात त्या बाईनं तोंडाकडं बघून ओळखलं नाही असं फारसं काही शिल्लक नव्हतं.

दुपारी दोनला इथं सामना होता. सामना कसला, पोट सुटलेल्या माणसांची हौस. केसलर्स मिल या छोट्या अमेरिकन गावाचा वीव्हर्स हा सॉकरचा, म्हणजे फुटबॉलचा, क्लब बंद पडून सतरा वर्षं झाली होती. त्याचे जुने खेळाडू कुठून कुठून गोळा होऊन एक दिवस खेळणार होते, मग चर्चच्या तळघरात जेवणार होते. तीन आठवड्यांपूर्वी आर्लीननं पत्र वाचून दाखवलं होतं, की केर्विन अलेनसुद्धा येतोय. केर्विन म्हणजे क्लबचा शेवटचा गोलकीपर. दोन उन्हाळे तो याच घरात, जिन्यावरच्या खोलीत राहिला होता. पत्र ऐकून आर्लीननं टाळ्या वाजवल्या होत्या आणि व्हर्नननं हातातला घास ताटात परत ठेवला होता. कारण केर्विनला सांगायची एक गोष्ट त्यानं सतरा वर्षं पोटात ठेवली होती. आज ती सांगायची, असं त्यानं ठरवलं होतं. ऐकून पोरानं त्याच्या घरचं जेवण नाकारलं, तरीही सांगायची.

*

या सगळ्याची सुरुवात एका रिकाम्या खुर्चीपासून झाली. व्हर्नननं एकतीस वर्षं रेशमाच्या गिरणीत माग दुरुस्त केले. गिरणी बंद झाली तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. बाकीचे कुठंकुठं गोदामांत कामाला लागले. व्हर्नन पडवीतल्या खुर्चीत बसला आणि दीड वर्ष उठला नाही. पोरंबाळं नव्हती. समोर गिरणीचं जुनं मैदान, त्यात कमरेएवढं गवत. ते गवत वाढताना बघत बसणं हा त्याचा उद्योग.

मग एके दिवशी फर्निचरच्या दुकानाचा मालक डेल रायनर्ट पायऱ्या चढून आला. त्याच्या डोक्यात सॉकर शिरलं होतं. देशातल्या खालच्या थराच्या एका उन्हाळी साखळीत त्यानं संघ उतरवला होता. मे ते जुलै, कॉलेजातली पोरं, पगार कुणालाच नाही.

"व्हर्न, मैदान तुझ्या दारात आहे. गवत कापशील का?" त्यानं विचारलं.

"सॉकरमदी हातानं काय करत्यात?" व्हर्नननं विचारलं.

"काही नाही. एक गोलकीपर सोडला तर सगळे हात लोंबते ठेवूनच पळतात."

"मग जमंल. माझं बी दीड वर्स तसंच चाललंय."

आर्लीन आतून म्हणाली, "डेल, त्याला उठवून ने. खुर्ची बी संगं द्यावी लागली तरी चालंल."

अशी वीव्हर्सची सुरुवात झाली. वीव्हर्स म्हणजे विणकर. गिरणी गेली, पण नाव तेवढं राहिलं. सदऱ्यांचा रंग पिकलेल्या तुतीसारखा जांभळा, कारण रेशमाचे किडे तुतीच्या पाल्यावर जगतात, असं रायनर्ट सगळ्यांना सांगत सुटायचा. पहिल्या सामन्याला एकशे चाळीस माणसं आणि दोन कुत्री. त्यातली निम्मी माणसं, गवताखाली मैदान अजून आहे का, हे बघायला आलेली. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र आठशे माणूस यायला लागलं. घरून खुर्च्या घेऊन यायचे, चर्चमधल्या बाया बटाट्याचं सारण आणि लोणच्याच्या बरण्या मांडायच्या. गिरणीचा भोंगा भंगारात निघाला होता, तो व्हर्नननं सोडवून आणला, शेडवर चढवला आणि हवेच्या टाकीला जोडला. वीव्हर्सचा गोल झाला की व्हर्नन कळ ओढायचा, आणि ज्या भोंग्यानं अख्खं गाव पहाटे शिव्या घालत उठायचं, त्याच भोंग्याला तेच गाव नाचायचं. डोळ्यांत पाणी येणारी म्हातारी माणसंही त्यात होती. पण ती गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे.

या खालच्या थरातल्या क्लबांची एक रीत होती. पोरांना पगार द्यायचा नाही, मग त्यांनी राहायचं कुठं? तर गावानं एकेक पोर आपल्या घरी ठेवून घ्यायचं. पहिल्या वर्षी चर्चमध्ये विचारणा झाली, आणि आर्लीननं नवऱ्याला न विचारता हात वर केला. व्हर्ननला कळलं तेव्हा नेब्रास्काचा एक तांबड्या केसांचा गडी न्हाणीघरात शीळ घालत होता. त्यानंतर सात उन्हाळे त्या घरात कोण ना कोण जिन्यावरून धाडधाड उतरत होतं. दूध दिवसाला मोठी बाटली लागायची. आर्लीन कुरकुरायची, आणि सप्टेंबरमध्ये घर सुनं झालं की फ्रिजसमोर उगाच उभी राहायची.

*

आता टेपची गोष्ट.

गिरणी सोडताना मुकादमानं व्हर्ननला पोलादी टेप दिला होता, शंभर फुटी. पहिल्याच उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्राखाली त्याचं टोक आलं आणि पहिले तीन फूट तुटून गेले. आता टेप सुरू व्हायचा तोच तीनच्या आकड्यापासून. म्हणजे छत्तीस फूट मोजायचे तर एकोणचाळीसच्या आकड्यावर खूण करायची.

"नवा आण की," आर्लीन म्हणायची.

"सत्त्याण्णव फूट चांगला हाय. तीन फुटांसाठी सत्त्याण्णव फूट टाकू?"

त्यामुळं मोजणी दोघांनी करायची. आर्लीन गोलच्या रेषेवर गुडघे टेकून टेपचं तुटकं टोक धरायची आणि प्रत्येक वेळी ओरडायची, "तीन वर." व्हर्नन दुसऱ्या टोकाला म्हणायचा, "ठावं हाय." सात वर्षं प्रत्येक सामन्याच्या सकाळी मैदानावर हेच ऐकू यायचं. तीन वर. ठावं हाय. रेघांचं एवढं नसतं, त्या जुन्या रेघेवरूनच पुन्हा ओढायच्या. पेनल्टीच्या ठिपक्याचं तसं नाही. तिथं पोरं बूट घासून खड्डा पाडतात, मग हिरवळीचा चौकोनी तुकडा आणून बसवावा लागतो, आणि ठिपका दर सामन्याला नव्यानं मोजावा लागतो. गोलच्या रेषेपासून बरोबर छत्तीस फूट.

सातव्या उन्हाळ्यात केर्विन दुसऱ्यांदा आला होता. त्रिनिदादचा पोरगा, सहा फूट तीन इंच, बोलणं हळू. व्हर्ननला 'मिस्टर व्हर्न' म्हणायचा आणि आर्लीनला 'मिस आर्लीन'. पहिल्या वर्षी त्याला इथलं सगळं जेवण अळणी लागलं होतं. त्यानं आईकडून तिखटजाळ मिरचीचं बी मागवलं, आणि आर्लीननं ते टोमॅटोच्या वाफ्यात लावलं.

शेवटचा साखळी सामना घरच्या मैदानावर होता. हरले नाहीत, नुसती बरोबरी केली, तरी बाद फेरीचा सामना इथंच होणार होता, आणि त्या सामन्याची गर्दी बघूनच पुढच्या वर्षीचं ठरवू, असं रायनर्टनं सांगितलं होतं. सकाळी सातला व्हर्नन आणि आर्लीननं चर्चकडच्या गोलचा ठिपका मोजला. तीन वर. ठावं हाय. तेवढ्यात केर्विन गाल धरून पडवीत आला. दाढ सुजून तोंड भोपळ्यासारखं झालेलं. दाताच्या डॉक्टरनं लगेच बोलावलं. आर्लीननं टेप खाली टाकला, गाडी काढली आणि पोराला घेऊन गेली.

गिरणीकडचा ठिपका व्हर्नननं एकट्यानं मोजला. तुटकं टोक स्क्रूड्रायव्हरनं जमिनीत खोचलं, चालत गेला, छत्तीसच्या आकड्यावर थांबला आणि ठिपका मारला. तीन वर म्हणायला कुणी नव्हतं.

दुपारी एक-एक बरोबरी होती. तीन मिनिटं राहिली असताना गिरणीकडच्या गोलसमोर वीव्हर्सच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी.

व्हर्नननं आयुष्यात एकही पेनल्टी बघितली नव्हती. त्याला ते सोसत नसे. आपली असो की त्यांची, तो शेडजवळ भोंग्याच्या कळीला हात लावून पाठ फिरवायचा आणि टेकडीवरच्या कबरस्तानाकडं बघत राहायचा. काय झालं ते आवाजावरून कळायचं. त्या दिवशी आवाज आला तो पाहुण्यांकडून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातले झेंडे काढताना त्याला तो ठिपका गोलच्या जरा जास्तच जवळ दिसला. त्यानं टेप लावला, छत्तीसचा आकडा वाचला, त्यातून तीन वजा केले आणि तिथंच खाली बसला. तेहतीस फूट. तीन फूट जवळून मारलेल्या चेंडूसमोर त्याच्या घरचं पोर उभं होतं.

त्यानं पाणी ओतून ठिपका घासून काढला. कुणाला सांगितलं नाही. आर्लीनलाही नाही. त्या हिवाळ्यात रायनर्टचं दुकान बुडालं, साखळीनं वर्षाची फी वाढवली, आणि वसंतात एका पानाचं पत्र आलं, की वीव्हर्स या वर्षी खेळणार नाहीत. या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना समजलं. गावात त्या शेवटच्या सामन्याचं बोलणं निघालं की व्हर्नन उठून जायचा. केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेली असली तरी उठायचा. क्लब आपण मारला, असं त्याच्या मनानं धरलं होतं.

पण खुर्चीत तो परत बसला नाही. क्लब गेला तरी गवत होतंच. आता शाळेची पोरं खेळतात, रविवारी ग्वातेमालातून आलेले कामगार खेळतात, आणि सगळ्यांच्या रेघा व्हर्ननच मारतो. सात उन्हाळ्यांनी आपल्याला उठवलं, ते उपकार कुणाचे मानायचे ते त्याला नीट कळत नसे. मग तो ते गवताचे मानायचा आणि नीट कापायचा.

*

साडेआठला भाड्याची एक गाडी घरासमोर थांबली. केर्विन उतरला. केसांत पांढरं, अंगानं भरलेला. आर्लीन पडवीतून काठी टेकत उतरली. तिला गुडघे वाकवता येत नव्हते, पण त्याचा गाल धरायला वाकायची गरज नव्हती, त्यालाच वाकावं लागलं.

"मेल्या, दुपारी येणार होतास ना?"

"मिस आर्लीन, दुपारी सगळे असणार. मला स्क्रॅपल, तुमच्या हातच्या त्या तळलेल्या डुकराच्या मांसाच्या वड्या, एकट्याला खायच्या होत्या."

"वाळलास."

"तेवीस किलो वाढलोय."

"मग ते दुसरीकडं कुटंतरी वाढलं असंल, तोंडावर दिसत न्हाई." तिनं त्याला ओढत घराच्या बाजूला नेलं. "हे बघ आदी."

टोमॅटोच्या शेजारी मिरचीची रोपं ओळीनं उभी होती. अजून फळ धरलं नव्हतं, नुसती पांढरी फुलं. दर वर्षी शेवटच्या मिरच्यांचं बी ती वाळवून ठेवायची आणि पुढच्या वर्षी लावायची.

"खातं कोण?" केर्विननं विचारलं.

"कुणीबी न्हाई. व्हर्ननं एकदा खाल्ली, दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. लई शांततेत गेले ते दोन दिवस."

केर्विन बराच वेळ त्या रोपांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माझी आई गेली गेल्या वर्षी. हे तिच्या परसातलं बी."

"ठावं हाय मला. म्हून तर लावती."

खाऊन झाल्यावर तो मैदानावर आला. व्हर्नन गिरणीकडच्या गोलसमोर उभा होता, हातात टेप. आदल्या दिवशीच त्यानं तिथं हिरवळीचा नवा तुकडा बसवला होता. बाकी सगळ्या रेघा मारून झाल्या होत्या, ठिपके राहिले होते.

"मिस्टर व्हर्न."

"ये." व्हर्नननं हात पुढं केला, केर्विननं हात सोडून सगळा म्हातारा मिठीत घेतला. व्हर्ननच्या हातातला टेप त्याच्या पाठीला टोचला असणार.

"अजून तोच टेप?"

"सत्त्याण्णव फूट चांगला हाय." व्हर्नन मागं सरकला. "केर्विन, मला तुला एक सांगायचंय. मी बोलत असताना मदी बोलू नगंस. मदी बोललास तर मला पुन्हा जमायचं न्हाई."

आणि त्यानं सांगितलं. दाढ, टेप, स्क्रूड्रायव्हर, छत्तीसचा आकडा. सांगताना तो केर्विनकडं बघत नव्हता, गोलच्या खांबाकडं बघत होता, जणू खांबालाच सांगत होता. "तेहतीस फुटांवनं मारला त्यानं. तुझ्यावर. माझ्यापायी. तू हरलास, क्लब गेला, आन् म्या तो ठिपका धुवून टाकला. कुणाला कळू दिलं न्हाई. सतरा वर्सं तू नाताळाला पत्र धाडतोस आन् मी मोजे धाडतो. मोज्यात काय लिवणार?"

केर्विननं हिरवळीच्या त्या नव्या तुकड्याकडं बघितलं. मग तो गोलच्या रेषेवर गेला, टाच रेषेला लावली आणि चालत आला. ढांगा मोजत. अकराव्या ढांगेला थांबला.

"हे छत्तीस फूट," तो म्हणाला. "माझ्या अकरा ढांगा. प्रत्येक मैदानावर, दोन्ही टोकांना मी मोजायचो. तुम्ही कधी बघितलं नाहीत?"

"म्हंजी?"

"मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. मी या गोलला आलो, ढांगा टाकल्या. दहाच झाल्या. पुन्हा टाकल्या. दहा."

व्हर्ननचा चेहरा उतरला. "तुला ठावं होतं."

"होतं. रेफरीला सांगायला निघालोही होतो. मग तिकडं बघितलं." त्यानं शेडकडं हनुवटी केली. "तुम्ही भोंग्याजवळ बादली उलटी टाकून बसला होता. मी सांगितलं असतं तर रेफरीनं आठशे लोकांसमोर तुम्हाला बोलावून टेप लावायला सांगितलं असतं. आणि त्या सकाळी टेप धरायला माणूस का नव्हतं, ते मला माहीत होतं. ते माणूस माझी दाढ उपटून घ्यायला माझा हात धरून बसलं होतं. मी नाही सांगितलं."

"सांगायचं होतंस," व्हर्नन म्हणाला. "माझं काय, चार दिस हसले असते. तुझी पेनल्टी वाचली असती."

"नसती वाचली."

"तीन फूट म्हंजी काय थोडं..."

"मिस्टर व्हर्न, मी डावीकडं उडी मारली."

व्हर्नननं त्याच्याकडं बघितलं.

"चेंडू उजवीकडं गेला," केर्विन म्हणाला. "मी डावीकडं जमिनीवर पालथा, तोंडात गवत, आणि चेंडू तिकडं जाळीत. त्यानं गावच्या वेशीवरून मारला असता तरी गोल होता. छत्तीस काय, साठ फुटांवरून मारला असता तरी होता. तुम्ही बघितलं नाहीत का?"

"मी पेनल्टी बगत न्हाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई. मी कबरस्तानाकडं बगतो."

केर्विननं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. हसावं की काय करावं, ते त्याला कळत नव्हतं. "आणि सतरा वर्षांत कुणी सांगितलं नाही?"

"बोलणं निघालं की मी उठतो."

मागून काठीचा आवाज आला. आर्लीन मैदान ओलांडून येत होती, एका हातात थर्मास. तिला यायला वेळ लागला. तिनं एकाचं तोंड बघितलं, मग दुसऱ्याचं.

"सांगितलं एकदाचं?" ती व्हर्ननला म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या टेपवर एकोणचाळीसच्या आकड्याला माझं लाल नखपॉलिश लागलंय. त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बाटली गायब झाली. आन् गिरणीकडचा ठिपका पुसलेला. मी गोधड्या शिवते व्हर्न, दोन तुकडे जोडायला मला वेळ लागत न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू कवा बोलतोस ते बगत होते. मला वाटलं दोन-चार महिनं लागतील." तिनं थर्मासचं झाकण उघडलं. "आन् हा पोरगा डावीकडं उडाला, चेंडू उजवीकडं गेला, ते अख्ख्या गावानं बगितलं. मागं बसलेल्या पाद्र्यानं शिवी दिली, ती बी गावानं ऐकली. तू तेवढा एकटा मेलेल्यांकडं तोंड करून हुबा. मला काय ठावं तुला ते बी ठावं न्हाई म्हून?"

व्हर्ननला बसायला काहीतरी हवं होतं. रंगाची बादली रिकामी होती, तो तिच्यावर बसला. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. धुकं उठलं होतं, चिमणी पूर्ण दिसत होती.

"क्लब गेलाच की पण," शेवटी तो म्हणाला.

"गेला," केर्विन म्हणाला. "दुकान बुडालं, फी वाढली. असे किती क्लब गेले त्या वर्षी. मी दुसऱ्या दोन क्लबांत खेळलो नंतर, तेही गेले. त्यांची मैदानं कुठं होती, ते आता सापडत नाही. एकावर गोदाम आहे." तो गुडघ्यावर बसला, म्हणजे बादलीवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर त्याचं तोंड आलं. "इथं मी गाडीतून उतरलो आणि तुम्ही गवतावर उभे होता. मिरच्या लावलेल्या होत्या. मी लोकांना सांगतो, अमेरिकेत माझं एक घर आहे. लोक म्हणतात कुठं, मी म्हणतो केसलर्स मिल. कुणालाच माहीत नसतं. मला बरं वाटतं."

व्हर्नननं केर्विनच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, एखाद्या यंत्राला थोपटावं तसं. गिरणीत माग पुन्हा चालू झाला की तो असंच थोपटायचा.

"कॉफी घे," आर्लीन म्हणाली. "ही चवथी. ही प्यायली न्हाईस तर डोक्यावर ओतीन."

त्यानं घेतली. अर्धी प्याला, अर्धी केर्विनला दिली. मग घड्याळ बघितलं. साडेनऊ होत होते आणि दोन्ही ठिपके राहिले होते.

"पुरं झालं," व्हर्नन म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. "उगं बसल्यानं रंग वाळत न्हाई. केर्विन, टोक धर. तिचे गुडघे गेलेत."

केर्विन गोलच्या रेषेवर जाऊन बसला, तुटकं टोक रेषेवर दाबलं. व्हर्नन टेप सोडत मागं मागं चालत गेला. लाल खूण आली तिथं थांबला.

"तीन वर," केर्विन ओरडला.

"ठावं हाय."

त्यानं वाकून डबा हलवला, ठिपका मारला, एक पाऊल मागं होऊन बघितला. ठिपका वाटोळा आला होता. केर्विन उठून टाच रेषेला लावून ढांगा टाकत आला आणि अकराव्या ढांगेला थांबला, पण व्हर्नननं तिकडं बघितलं नाही. तो टेपवरचं ओलं गवत फडक्यानं पुसत होता, कारण पोलाद ओलं गुंडाळलं तर गंजतं. चर्चकडचा ठिपका अजून व्हायचा होता. त्यानं टेप खांद्यावर टाकला, डबा उचलला आणि तिकडं चालायला लागला.